आधी एक पूर्ण शिफ्ट शेजारी बसून बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: टॅक्सी, डिलिव्हरी व्हॅन आणि ट्रक चालवणाऱ्यांसाठी तुमची टीम गाडीतली इन्फोटेनमेंट सिस्टीम, म्हणजे नकाशा, फोन, गाणी यांची डॅशबोर्डवरची स्क्रीन, नव्याने करतेय. १२ ड्रायव्हरांच्या मुलाखती झाल्या, प्रोटोटाइप दाखवला, सगळे म्हणाले ‘छान आहे, सोपं आहे’. प्रत्यक्ष गाड्यांत बसवल्यावर मात्र महिनाभरात प्रत्येकाने डॅशबोर्डवर स्वतःचा मोबाइल लावला आणि स्क्रीन नुसती पेटलेली राहिली. चुकलं कुठे, आणि आता पुढे काय करायचं?

मी या कामात बरीच वर्षं आहे. माझ्या मते ते १२ जण खोटं बोलले नाहीत. थांबलेल्या गाडीत, हात आणि डोळे दोन्ही मोकळे असताना कुणालाही तुमची स्क्रीन सोपीच वाटेल. शिवाय त्यांना मुलाखतीला पाठवलं कोणी? बहुधा मालकाने किंवा फ्लीट मॅनेजरने. साहेबांनी बसवलेल्या वस्तूला नावं ठेवून कोण कशाला नसती आफत ओढवून घेईल? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही स्क्रीनबद्दल विचारलंत. ड्रायव्हरची अडचण शिफ्टमध्ये असते, तिथे स्क्रीन हा एक कोपरा असतो.

मला हे एका रात्रीच्या शिफ्टने शिकवलं. मी एका टॅक्सी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. आदल्या आठवड्यात मुलाखतीत ते म्हणाले होते, स्क्रीनचा काही त्रास नाही. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी सीटच्या बाजूने एक जाड पुठ्ठा काढला आणि स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागावर खोचला. हात इतका सरावलेला की बोलणंही थांबलं नाही. उजेड कमी करायची सेटिंग तीन मेनू आत होती, आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केली की उजेड पूर्ववत व्हायचा. रात्रभरात गाडी कितीतरी वेळा बंद-चालू होते. पुठ्ठा एकदाच लावावा लागतो. मुलाखतीत हे का सांगितलं नाहीत, असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘तुम्ही स्क्रीनबद्दल विचारलं होतं. हा तर पुठ्ठा आहे.’

तेव्हापासून मी आधी पुठ्ठे शोधतो. म्हणजे ड्रायव्हरने स्वतःच्या सोयीसाठी केलेले सगळे जुगाड: बटणावर चिकटवलेली पट्टी, सन व्हायझरमध्ये खोचलेली पत्त्यांची चिठ्ठी, एसीच्या जाळीवर अडकवलेला दुसरा फोन, दर पाच मिनिटांनी बोलणारा अलार्म दबावा म्हणून स्पीकरवर ठेवलेलं फडकं. यातली प्रत्येक वस्तू म्हणजे तुमच्या सिस्टीमने न केलेलं एक काम. गाडी आवरायच्या आत, परवानगी घेऊन, केबिनचे फोटो काढा. ‘पाहुणे येणार’ म्हणून गाडी आधी साफ केली गेली तर निम्मा पुरावा गेलाच.

शेजारी बसल्यावर एक पथ्य कडक पाळा: गाडी चालू असताना प्रश्न विचारायचा नाही. चालवताना मनातलं मोठ्याने बोलायला लावणं हे ऑफिसात बसून करायच्या चाचण्यांसाठी ठीक, रस्त्यावर तो ड्रायव्हरवर घातलेला जादा बोजा आहे. वहीत फक्त वेळ आणि दोन शब्द लिहा: ‘१०:४२, वळणाआधी मान खाली’. गाडी थांबली की विचारा, मघाशी चौकात काय बघत होतात? व्हिडिओ असेल तर तोच तुकडा दाखवून विचारा. माणसं आठवणीतून ‘मी रस्त्यावरच बघतो’ म्हणतात, आणि स्वतःला बघताना स्वतःच गप्प होतात. त्या गप्पपणानंतर जे बोलणं होतं ते सोन्यासारखं असतं.

आता नजरेबद्दल, कारण इथे आकडे माहीत असायलाच हवेत. ताशी ८० किलोमीटरला २ सेकंदांत गाडी सुमारे ४४ मीटर जाते. अमेरिकेत १०० गाड्यांवर कॅमेरे बसवून केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की २ सेकंदांपेक्षा जास्त वेळ नजर रस्त्यावरून हटली की अपघात किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताची शक्यता निदान दुप्पट होते. तिथल्याच वाहतूक सुरक्षा संस्थेची २०१३ची मार्गदर्शक तत्त्वं साधारण हेच धरतात: एक नजर २ सेकंदांच्या आत आणि पूर्ण कामासाठी नजरांची बेरीज १२ सेकंदांच्या आत. जपानी वाहन उत्पादकांची बेरजेची मर्यादा त्याहून कडक, ८ सेकंदांची. आणि व्यावसायिक चालकांवरच्या २००९च्या अमेरिकी अभ्यासात मेसेज टाइप करणाऱ्या ट्रकचालकाचा धोका २३ पटींवर गेला होता. ६ सेकंदांच्या अवधीत त्याची नजर सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती.

पण हे आकडे एका वेळी एक काम करणाऱ्या माणसाचे आहेत. टॅक्सीवाल्याचं तसं नसतं. वळण ५० मीटरवर आलंय, आणि नेमकी तेव्हाच नकाशावर नव्या भाड्याची चौकट येते, खाली सेकंद उलटे पळताहेत. नाकारलं तर रेटिंगची भीती, स्वीकारलं तर अंतर वाचायला हवं, आणि चौकटीखाली वळणाचा बाण झाकलेला. मी हे पाहिलंय. ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवतो, मागचा हॉर्न वाजवतो, आणि हे कुठल्याही नोंदीत ‘स्वीकारलं’ एवढंच दिसतं. तुमच्या सर्व्हरवरचा डेटा इथे आंधळा आहे, म्हणून शेजारी बसायचं.

मालकाच्या गाडीत आणखी एक गोष्ट असते जी घरगुती गाडीत कधी सापडणार नाही: दोन शिफ्टला दोन माणसं. नवा ड्रायव्हर बसतो, ब्लूटूथ आधीच्या माणसाचा फोन शोधत राहतं, किंवा आधीच्या माणसाचे संपर्क आणि गेलेल्या कॉलची यादी स्क्रीनवर तशीच असते. पहिल्या दोन मिनिटांत काय काय बदललं जातं, ते अगदी क्रमाने टिपून घ्या: सीट, आरसे, फोन, आवाज, नकाशा. यातलं बरंचसं गाडी हलल्यावर चालता चालता होतं, कारण घड्याळ सुरू झालेलं असतं. शिफ्टबदल न पाहता केलेला रिसर्च मला अपुरा वाटतो, यावर मी ठाम आहे.

वेळेचा मान राखा. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ट्रकचालकाने साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यायची असते. ती विश्रांती तुमच्या मुलाखतीसाठी नाही. तेवढ्या वेळात त्याला जेवायचं असतं, घरी फोन करायचा असतो, डोळे मिटायचे असतात. वेगळा वेळ मागा आणि त्याचे पैसे द्या. ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर कच्च्या नोंदींतही ठेवू नका, आणि मॅनेजरला ‘कोण काय म्हणालं’ हे कधीही कळणार नाही, हे सुरुवातीलाच मॅनेजरच्या तोंडूनच वदवून घ्या. एकदा एका ठिकाणी आमच्या नोंदींवरून एका ड्रायव्हरला जाब विचारला गेला. त्यानंतर त्या ताफ्यातला एकही माणूस आमच्याशी मोकळेपणाने बोलला नाही, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. प्रवासी असलेल्या गाडीत कॅमेरा लावणार असाल तर प्रवाशाची परवानगी वेगळी घ्यावी लागेल, ती ड्रायव्हर देऊ शकत नाही.

यानंतर चाचण्या. धोक्याची कामं रस्त्यावर तपासायची नाहीत, सिम्युलेटर आहे. ते नसेल तर आयएसओ १६६७३ या आंतरराष्ट्रीय मानकातली झापड पद्धत स्वस्तात होते: चष्मा दीड सेकंद उघडतो, दीड सेकंद मिटतो, आणि काम तेवढ्या तुकड्यांत पूर्ण होतं का ते कळतं. मनावरचा ताण मोजायला १९८८चा नासा-टीएलएक्स हा प्रश्नसंच चालतो, पण शिफ्ट संपल्यावर थकलेल्या माणसाला लांबलचक कागद देऊ नका. सहा प्रश्न आहेत, ते तोंडी विचारा.

स्पर्शाच्या स्क्रीनबाबत माझं मत स्पष्ट आहे: जे काम शिफ्टमध्ये दहा वेळा होतं त्याला खरं बटण हवं. हात अधांतरी धरून, गचके खाणाऱ्या केबिनमध्ये, काचेवरचा चौकोन शोधायला नजर द्यावीच लागते, बटण बोटांना सापडतं. २०२२मध्ये एका स्वीडिश मासिकाने ताशी ११० किलोमीटरला तपासलं, तेव्हा २००५च्या बटणवाल्या व्होल्वोत चार कामं १० सेकंदांत झाली. सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या स्क्रीनवाल्या गाडीला ४४.९ सेकंद लागले. गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेच्या २०२६च्या गुणांकनातही इंडिकेटर, वायपर, हॉर्नसारख्या कामांसाठी प्रत्यक्ष बटणांना गुण आहेत.

पुढचा टप्पा म्हणून मी नवे ड्रायव्हर शोधणार नाही. ज्या १२ जणांनी मोबाइल लावलाय त्यांच्याकडेच परत जाईन. त्यांनी तुमच्या स्क्रीनवर आपलं मत आधीच देऊन टाकलंय, फक्त तोंडाने दिलेलं नाही. प्रत्येकाबरोबर निदान एक पूर्ण शिफ्ट, त्यातल्या काही रात्रीच्या. पहिल्या गाडीत बसाल तेव्हा मोबाइल नेमका कुठे लावलाय ते मोजा: स्टीअरिंगपासून किती अंतरावर, डोळ्यांच्या रेषेपासून किती खाली, कुठल्या हाताच्या बाजूला. त्याच्या शेजारी तुमच्या स्क्रीनचं माप लिहा. १२ गाड्यांची मापं जमली की इथे टाका, मी बघून सांगतो.