पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली, आता पुन्हा थोडा रक्तस्राव झालाय. हा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असू शकतो का?

असू शकतो, पण बहुतेक वेळा नसतो. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या साधारण 10 पैकी 9 जणींमध्ये कारण दुसरंच निघतं: अस्तर पातळ होणं, पॉलिप (अस्तरावरची सहसा निरुपद्रवी छोटी गाठ) वगैरे. तरीही एकच डाग दिसला असेल तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. या कॅन्सरचं पहिलं लक्षण बहुतेकदा हेच असतं, म्हणून तो लवकर सापडतो.

मुळाशी असतो इस्ट्रोजेनचा खेळ. हे हार्मोन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. आवर सुटला की पेशी बेसुमार वाढू लागतात. चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं, त्यामुळे लठ्ठपणा हा मोठा धोका. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार), स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेनची गोळी, घराण्यात लिंच सिंड्रोम (कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) यांनीही धोका वाढतो; यातलं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आधी योनीमार्गे सोनोग्राफी करतात. अस्तर 4 मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं किंवा रक्तस्राव पुन्हा झाला, तर बायोप्सी, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणी. निदान पक्कं होतं ते तिथेच. आणि हो, ‘पॅप टेस्ट नॉर्मल आली होती’ यावर विसंबू नका. ती गर्भाशयमुखाची तपासणी आहे, अस्तराची नाही.

कॅन्सर निघालाच, तर सहसा गर्भाशय, बीजनलिका आणि बीजकोश काढतात. गर्भाशयापुरता असेल तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.