गुहागरची खोली आणि आईचे सहा लाख

प्रश्न (मोठ्या पत्राचा सारांश) : आम्ही कराडला राहतो. मी ४६ वर्षांचा, खासगी कारखान्यात अकाउंट्स विभागात आहे. हातात महिना ५५ हजार येतात. घरी पत्नी, दहावीतला मुलगा आणि ७३ वर्षांची आई. दर नाताळात आम्ही तीन रात्री गुहागरला जातो आणि चिपळूण रस्त्यावरच्या एका साध्या लॉजवर उतरतो. दोन खोल्या, प्रत्येकी दीड हजार. लॉज वाईट नाही, पण किनारा वीस मिनिटं चालत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे गेल्या वर्षी ती समुद्रावर एकदाच आली, बाकी वेळ खोलीत बसून होती. यंदा समुद्राला लागून असलेल्या रिसॉर्टची चौकशी केली, तर एका खोलीचे साडेपाच हजार सांगतात. म्हणजे २४ हजार जास्त. पत्नी म्हणते, आईसाठी एकदा जाऊ. पण जानेवारीत पॉलिसीचा तिसरा हप्ता (३ लाख) आहे. आईची ६ लाखांची एफडी जानेवारी २०२४ मध्ये सुटली तेव्हा बँकेतल्या मॅडमनी ती या पॉलिसीत घालायला सांगितली. पाच वर्षांनी करमुक्त पैसे आणि १५ टक्के तर कुठे गेले नाहीत, असं म्हणाल्या. दोन हप्ते त्यातूनच गेले. तिसऱ्यासाठी थोडी बचत आहे, बाकी पत्नीच्या पाटल्या-गंठण ठेवून ११ टक्क्यांनी सोनेतारण काढणार आहे. पूर्वी गुहागरची सहल आईच्या एफडीच्या व्याजातून व्हायची, आता तेही नाही. तर यंदा लॉजवरच राहून २४ हजार वाचवावेत का?

उत्तर : तुमच्या पत्राबरोबर आलेलं पॉलिसीचं स्टेटमेंट मी दोनदा वाचलं. खोलीच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, कारण ते सोपं आहे. आधी त्या तीन लाखांबद्दल बोलू. तुम्ही त्याबद्दल काहीच विचारलेलं नाही आणि मला काळजी नेमकी त्याचीच वाटते.

तुमच्याकडे जे आहे ते युलिप आहे, म्हणजे बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी. वर्षाला तीन लाख, आणि स्टेटमेंटवर हप्ते भरण्याची मुदत स्पष्ट लिहिली आहे : १० वर्षं. पाच वर्षं हा फक्त लॉक-इन आहे, म्हणजे त्याआधी पैसे हातात येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे तुम्ही सही केलीत ती ३० लाखांच्या बांधिलकीवर, आणि तीही सहा लाखांच्या जोरावर. तुमचा वर्षाचा पगार ६ लाख ६० हजार. त्यातले तीन लाख एका पॉलिसीला म्हणजे जवळजवळ निम्मा पगार. ज्या कोणी हा आकडा कागदावर लिहिला त्याला हे दिसत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

प्रस्तावाच्या फॉर्मची प्रत कंपनीकडून मागवा. तुम्ही लिहिलंय की फॉर्म बँकेतल्या मॅडमनीच भरला, तुम्ही फक्त सह्या केल्या. त्यात तुमचं वार्षिक उत्पन्न काय दाखवलंय ते पाहा. अशा प्रकरणांत ते बऱ्याचदा फुगवलेलं असतं, कारण खऱ्या उत्पन्नावर एवढा हप्ता बसत नाही. तसं निघालं तर तुमची सॅलरी स्लिप आणि तो फॉर्म शेजारी शेजारी ठेवले की तुमच्या हातात पुरावा आला.

आता परताव्याचं बघू. पहिल्या तीन लाखांना दोन वर्षं होत आली, दुसऱ्या तीन लाखांना एक वर्ष. फंडाची किंमत आज ६ लाख २० हजार. म्हणजे वाढ २० हजार, वर्षाला सरासरी दोन टक्क्यांच्या जरा वर. बचत खात्यात पडून राहिले असते तरी साधारण एवढेच झाले असते. दरम्यान विम्याचा खर्च, प्रशासन शुल्क, फंड व्यवस्थापन शुल्क हे सगळं त्यातून कापलं गेलं, आणि पुढेही कापलं जाईल. १५ टक्के कुणीही कबूल करू शकत नाही. बँकेतल्या मॅडमवर तो आकडा लेखी देण्याची वेळ आली असती तर त्यांनी दिला नसता. पुढच्या वेळी कुणी असा आकडा सांगितला की कागद पुढे करा.

करमुक्तीची गोष्ट तर सरळ चुकीची आहे. १ फेब्रुवारी २०२१ नंतर काढलेल्या युलिपमध्ये वर्षाचा हप्ता अडीच लाखांच्या वर गेला, तर मुदतीनंतर मिळणाऱ्या फायद्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. तुमचा हप्ता तीन लाख. पॉलिसी विकली गेली तेव्हा या नियमाला तीन वर्षं होत आली होती. बँकेत विमा विकणाऱ्या माणसाला तो माहीत असायलाच हवा.

आता तिसरा हप्ता. तुमचा विचार असा दिसतो : सहा लाख गेलेत, आता थांबलो तर बुडतील, म्हणून दागिने ठेवू. थोडी बचत बाजूला ठेवली आणि पूर्ण तीन लाखांचं सोनेतारण धरलं, तर ११ टक्क्यांनी वर्षाला ३३ हजार व्याज. पुढच्या जानेवारीत आणखी तीन लाख लागतील, त्याच्या पुढच्या जानेवारीत आणखी तीन. ते कुठून आणणार? दागिन्यांवरच, तर लॉक-इन संपेपर्यंत नऊ लाखांचं कर्ज आणि वर्षाला लाखभर व्याज. दोन टक्के देणाऱ्या पॉलिसीला ११ टक्क्यांच्या कर्जाने पोसायचं, आणि तेही बायकोचं स्त्रीधन गहाण टाकून. कृपा करून हे करू नका.

थांबलात तर काय होतं ते बँकेत तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. पैसे बुडत नाहीत. तिसरा हप्ता भरला नाही तर ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. ती संपली की पॉलिसी खंडित होते. तिसऱ्या वर्षी खंडित होणाऱ्या तुमच्यासारख्या पॉलिसीवर कंपनी जास्तीत जास्त ४ हजार रुपये कापू शकते, हे नियमानेच बांधलेलं आहे. उरलेली रक्कम खंडित पॉलिसींच्या वेगळ्या फंडात जाते. तिथे किमान ४ टक्के व्याज धरलं जातं. लॉक-इन संपला की, म्हणजे जानेवारी २०२९ मध्ये, ती तुमच्या खात्यात येते. आजचे ६ लाख १६ हजार तेव्हा ६ लाख ९० हजारांच्या आसपास होतील.

हा व्यवहार तोट्याचाच आहे, ते मी लपवत नाही. तेच सहा लाख आईच्या नावाने पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले असते, तर तिला दर तिमाहीला १२ हजार ३०० रुपये मिळाले असते. पाच वर्षांत जवळपास अडीच लाख, आणि मुद्दल जागेवर. म्हणजे या विक्रीने तुमच्या घराचे दीड लाखाच्या आसपास घेतले. ते गेले असं समजा आणि त्यांच्यामागे आणखी नऊ लाख पाठवू नका.

पॉलिसी खंडित झाली की ३० लाखांचा विमाही संपतो. तुमच्यावर तिघे अवलंबून आहेत, म्हणून विमा हवाच. त्यासाठी साधा टर्म प्लॅन, म्हणजे गुंतवणूक नसलेला निव्वळ विमा घ्या : ५० लाखांचा, साठीपर्यंतचा. तुमची तब्येत ठीक असेल तर वर्षाला १५ हजारांच्या आसपास बसेल, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. मात्र क्रम पाळा. आधी टर्म प्लॅन मंजूर होऊन हातात येऊ द्या, मग जुनी पॉलिसी सुटू द्या. आजपासून सुरुवात केलीत तर सवलतीच्या मुदतीसकट पुरेसा वेळ आहे.

दुसरं काम डिसेंबरातच करा. हप्ता खात्यातून आपोआप वळता होण्याची सूचना तुम्ही बँकेला दिलेली आहे. ती लेखी अर्ज देऊन रद्द करा आणि पोच घ्या. नाहीतर जानेवारीत खात्यात असतील नसतील ते पैसे ओढले जातील, किंवा पुरेसे नसले तर दंड बसेल. अर्ज देताना बँकेतून आग्रह होईल, 'एवढा एक हप्ता भरा, मग बघू' असंही म्हणतील. ऐकू नका.

तिसरं, तक्रार. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्याची जी मुदत असते ती केव्हाच संपली, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. पण चुकीची माहिती देऊन विकल्याची तक्रार करता येते. आधी विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या : एफडीचे पैसे, सांगितलेले १५ टक्के, करमुक्तीचा दावा, फॉर्मवरचं उत्पन्न. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही. पॉलिसी देताना कंपनीने तुम्हाला फोन केला असेल आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या सांगण्यावरून तुम्ही प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणाला असाल, तर ते रेकॉर्डिंग तुमच्या विरुद्ध जाईल. तरी तक्रार कराच. फॉर्मवरचं उत्पन्न खोटं निघालं तर तुमची बाजू बरीच भक्कम होते.

आता जी गोष्ट मला पत्रात सगळ्यात जास्त खटकली ती. हे पैसे आईचे होते. वडील गेल्यावर आलेले, असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. पॉलिसी मात्र तुमच्या नावावर, विमा तुमच्या जिवाचा आणि नॉमिनी पत्नी. त्या कागदावर आईचं नाव कुठेच नाही. तुम्हाला बहीण आहे, तिलाही हे माहीत नसावं. तुमच्या मनात खोट नाही हे पत्रातून दिसतं, पण कागदापुरतं बोलायचं तर ७३ वर्षांच्या बाईची सगळी पुंजी तिच्या हातून गेली आणि तिला कुणी विचारलं नाही. एफडी होती तेव्हा ७ टक्क्यांनी वर्षाला ४२ हजार, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार तिच्या हक्काचे यायचे. त्यातून ती तुम्हा सगळ्यांना गुहागरला न्यायची. आता हप्ता भागावा म्हणून तिच्याच खोलीचे पैसे वाचवायचं तुमच्या मनात आहे.

म्हणून या महिन्यापासून आईच्या खात्यात दर एक तारखेला साडेतीन हजार टाका. ते तिचं व्याज आहे, जानेवारी २०२९ पर्यंत तुम्ही ते द्यायचं. तीन लाखांचा हप्ता वाचतोय त्यापुढे वर्षाचे ४२ हजार तुम्हाला जड नाहीत. २०२९ मध्ये पैसे आले की पूर्ण रक्कम तिच्या नावावर ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवा, नॉमिनेशन तिला विचारून करा, आणि बहिणीला आजच सांगून ठेवा. आणखी एक : सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांसाठी, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून निघतं. आईचं काढलेलं नसेल तर काढा. आधार कार्ड पुरतं.

आता गुहागर. तुमचा हिशेब थोडा दुरुस्त करतो. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर आता ५ टक्के जीएसटी आहे, तो धरला तर रिसॉर्टचे तीन रात्रींचे दोन खोल्यांचे साधारण साडेचौतीस हजार होतात. लॉजचे नऊ हजार. फरक साधारण साडेपंचवीस हजारांचा. रस्त्यावरच्या लॉजबद्दल माझी तक्रार नाही. रात्री पोचून सकाळी पुढे वेळणेश्वर-हेदवीला निघणाऱ्यासाठी तो अगदी योग्य आहे. पण तीन रात्री एकाच ठिकाणी राहायचं आणि आईला वीस मिनिटं चालवायचं, हे जमत नाही ते तुम्ही गेल्या वर्षी पाहिलंत. ती समुद्रावर एकदाच गेली, कारण जाणं-येणं तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. त्या नऊ हजारांत तिला काही मिळालं नाही.

साडेचौतीस हजार मात्र देऊ नका. गुहागरात वरचा पाट आणि खालचा पाट या भागांत रस्त्याच्या एका अंगाला घरं, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. त्यातल्या कितीतरी घरांवर 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी असते. अडीच हजारांपर्यंत चांगली खोली मिळते, नाताळात थोडं जास्त सांगतील. दोन खोल्या, तीन रात्री, १५ हजार धरा. लॉजपेक्षा सहा हजार जास्त, आणि जेवणासाठी बाजारात जावं लागत नाही. नाताळाची गर्दी असते, तेव्हा फोन याच आठवड्यात करा. खोली तळमजल्यावरची, कमोड असलेली मागा, आणि वाडीतून किनाऱ्याकडे जाणारी वाट सपाट आहे की पायऱ्यांची, हेही विचारा. वाळूत ठेवायला प्लास्टिकची एक खुर्ची मिळेल का, तेही विचारून ठेवा. पैसे आईच्या खात्यात टाकलेल्या पहिल्या दोन महिन्यांच्या सात हजारांतून आणि तुमच्या आठ हजारांतून द्या. आई नको म्हणाली तरी तिचे सात हजार घ्या, पूर्वी ही सहल तीच करवत होती.

सोनाराकडे मात्र जाऊ नका.