म्हापशात पेट शॉप काढताय? आधी पिंजऱ्याचं ठरवा

म्हापशात गाळा बघून ठेवलाय, कुत्र्या-मांजरांचं खाद्य, पट्टे वगैरे विकायचं आणि जोडीला चार पक्षी, एखाद-दुसरं पिल्लू ठेवायचं, तर परवाने कुठले, असं तुम्ही विचारलंय. फोंड्यात बारा वर्षं हेच करतोय. त्या ‘जोडीला’मुळेच सगळा हिशेब बदलतो.

नुसतं सामान विकणार असाल तर काम कुठल्याही दुकानासारखंच: पालिकेचा व्यापार परवाना (गाळेमालकाचा ना हरकत दाखला आधी मिळवा, गाडी तिथंच अडते) आणि दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी. पोतं फोडून सुटं खाद्य विकणार असाल तर काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का हवा, इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी. माझ्याकडे पहिली तपासणी आली ती याचीच. जंताची औषधं मात्र औषध परवान्याशिवाय ठेवू नका.

जीएसटीत एक गोम आहे. निव्वळ माल विकलात तर 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. कुत्र्यांची आंघोळ, केस कापणं सुरू केलंत की ती सेवा झाली आणि मर्यादा 20 लाखांवर येते. गोव्याबाहेर, समजा सावंतवाडीच्या गिऱ्हाइकाला, पार्सल पाठवायचं तर उलाढाल कितीही असो, नोंदणी हवीच.

आता जिवंत प्राणी. इथं 2018 चे पेट शॉप नियम लागतात. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे अर्ज, 5000 रुपये शुल्क, जागेची तपासणी, मग पाच वर्षांची नोंदणी. ती दुसऱ्याच्या नावावर होत नाही, त्यामुळे कुणी ‘चालू दुकान परवान्यासकट देतो’ म्हणाला तर हसून सोडून द्या. कुठला प्राणी कुठून आला, कुणाला गेला, सगळं वहीत हवं. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. एकदा एका पुरवठादारानं दोन महिन्यांची म्हणून पाठवलेली पिल्लं धड दातही न आलेली निघाली. आल्या गाडीनं परत पाठवली, भाडं माझ्या बोडक्यावर.

पक्ष्यांत बजरी, कॉकाटील ठीक. पण गिऱ्हाईक हमखास आपला हिरवा पोपट मागतं, नाहीतर मुनिया किंवा तारा कासव. हे तिन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसतात, मागच्या खोलीतसुद्धा ठेवू नका. मकाव, आफ्रिकन ग्रे या परदेशी पोपटांची नोंद केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नवख्यानं त्यात पडूच नये, असं माझं मत.

भाडेकरारावर सही करण्याआधी गाळ्याचा नकाशा घेऊन पणजीला पाटोवरच्या पशुसंवर्धन संचालनालयात एक फेरी मारा. हवा, पाणी, सांडपाणी बघून जागा नापास झाली, तर अनामत अडकून पडायची.