घुमटाचं नंतर बघू, आधी सफ आखा

प्रश्न : आमच्या मोहल्ल्यातली पत्र्याची जुनी मशीद पाडून नवीन बांधायचं ठरलंय. जागा 3 गुंठे, पैसे वर्गणीचे. जाणती मंडळी म्हणतात घुमट आणि दोन मिनार पाहिजेतच, आम्हा पोरांना साधं, मॉडर्न हवंय. त्यात रस्त्याला धरून बांधलं तर मेहराबची (इमाम उभे राहतात त्या कोनाड्याची) भिंत सरळ पश्चिमेला येते आणि मोबाईल किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा, जरा उजवीकडं दाखवतो. काय करावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भावा, मोबाईल बरोबर दाखवतोय. कोल्हापुरातून किब्ला सरळ पश्चिमेला नाही, तिथून उत्तरेकडं साधारण 14 अंश आहे. फक्त सळ्यांच्या ढिगाजवळ उभं राहून बघू नका, लोखंडानं होकायंत्र फिरतं. आता 14 अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण 40 फुटाच्या सफेत (नमाजाच्या रांगेत) एक टोक दुसऱ्यापेक्षा 10 फूट मागं जातं, म्हणजे चौकोनी हॉलमध्ये तिरक्या पट्ट्या मारून कोपरे कायमचे वाया.

नेमकी हीच अडचण ढाक्याच्या बैत उर रौफ मशिदीत होती, तिथं प्लॉट आणि किब्ल्यात 13 अंशांचा फरक. आर्किटेक्ट मरीना तबस्सुम यांनी आजीनं दिलेल्या जागेवर ती बांधली, 2012 ला पूर्ण झाली, 2016 ला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. बाहेर चौकोन, त्यात गोल, आणि गोलाच्या आत नमाजाचा हॉल किब्ल्याकडं फिरवलेला. भिंती विटांच्या, घुमट नाही, मिनार नाही. किब्ल्याच्या भिंतीत फक्त एक उभी फट, तिच्यातून उजेड येतो पण रस्त्यावरची माणसं दिसत नाहीत अशी तिरकी ठेवलेली. मला ती फट कुठल्याही नक्षीपेक्षा मोठी वाटते.

तुम्हीपण बाहेरची भिंत रस्त्याला धरूनच ठेवा आणि आतला हॉल फिरवा. मधे जे त्रिकोण उरतील त्यात जिना, कुराण शरीफची कपाटं, चपलांचे रॅक बसतात. हॉल लांबट नको, आडवा पसरट घ्या म्हणजे पहिली सफ मोठी होते. माणशी 2 बाय 4 फूट धरा, 40 बाय 30 च्या हॉलमध्ये 20 जणांच्या 7 सफा, म्हणजे 140 माणसं. आणि मधे कॉलम नको म्हणून इंजिनियरला पहिल्याच मीटिंगला सांगा, बीम जाड झाले तरी चालतील. मी बघितलंय, खांब आला की सफ तुटते, दोन्ही बाजूची माणसं अवघडून उभी राहतात आणि ते पुढची पन्नास वर्षं.

ढाक्याची मशीद जशीच्या तशी उचलू नका मात्र. तिथं कडेचे चौक वरून उघडे आहेत, आपल्याकडं जुलैत पश्चिमेचा पाऊस आडवा येतो, त्यामुळं उजेड-वाऱ्यासाठी भिंतीत जाळी ठेवाल तिच्यावर खोल छज्जा पाहिजेच.

वजूखान्यावर, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याच्या जागेवर, मन लावून खर्च करा. वजू झाल्यावर ओले पाय घेऊन माणूस हॉलकडं निघतो, त्या दहा पावलांत गुळगुळीत टाइल असली की म्हातारी माणसं घसरतात. तिथं खडबडीत फरशी, उतार नाल्याकडं, धरायला बार, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी उंच बैठक करा. वजूचं पाणी बिनसाबणाचं असतं, ते वेगळ्या टाकीत घेतलं तर झाडांना आणि फ्लशला चालतं.

राहिला घुमट. मदिनेतली पैगंबरांची मूळ मशीद कच्च्या विटांची, खजुराच्या खोडांचे खांब आणि वर झावळ्या, घुमट-मिनार नंतरच्या काळात आले, हे जाणत्यांना इमामसाहेबांच्या तोंडून ऐकू दे, तुम्ही वाद घालू नका. त्यांना लांबून मशीद ओळखू यावी असं वाटतं, त्यात चूक काहीच नाही. एक मिनार करा, नीट करा. पण स्लॅबवर नुसता शोभेला घुमट बसवण्यापेक्षा तो पैसा उजेड-वाऱ्याला लावावा असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लॅन सबमिट करायच्या आधी मोकळ्या जागेत फक्कीनं सफा आखा आणि एका जुम्म्याला सगळ्यांना त्यावर उभं करून बघा, जाणत्यांना पहिल्या सफेत.