अँटिव्हायरसनं सिस्टम फाईलच उडवली, आता काय करू?

प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आणि उबुंटू (लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टम) दोन्ही आहे. मागच्या आठवड्यात मुलीच्या प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेनड्राईव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेला, घरी आणून लावला तर अँटिव्हायरसनं धडाधड व्हायरस दाखवले आणि मी घाईत सगळ्यावर डिलीट दाबून दिलं. रीस्टार्ट केल्यापासून विंडोज सुरूच नाही होऊन राहिलं, निळ्या स्क्रीनवर विनलोड डॉट ईएफआय (विंडोज सुरू करणारी फाईल) सापडत नाही म्हणते. उबुंटू मस्त चालते. सीताबर्डीचा दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारा. उबुंटूत अँटिव्हायरस टाकून फाईल परत येईल का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: भाऊ, फॉरमॅट अजिबात मारू नका, उबुंटू सुरू होतंय म्हणजे तुमचा डेटा तुमच्या हातात आहे. आधी उबुंटूतून विंडोजचा ड्राईव्ह उघडून मुलीचे फोटो, कागदपत्रं सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. ड्राईव्ह रीड-ओन्ली उघडला तरी घाबरू नका, विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की असं होतं, कॉपी करायला तेवढं पुरतं.

आता तुमचा खरा प्रश्न. अँटिव्हायरस फाईल काढतो किंवा क्वारंटाईनमध्ये कोंडून ठेवतो, नवीन बनवून देत नाही. उबुंटूत क्लॅमएव्ही हा फुकट अँटिव्हायरस टाकून विंडोजचा ड्राईव्ह जरूर तपासा पण नुसता तपासा, रिमूव्हचा पर्याय लावू नका, नाहीतर अजून दोन फाईली जायच्या. अँटिव्हायरसही चुकतो बरं का, २१ एप्रिल २०१० ला मॅकाफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही चांगली फाईलच व्हायरस समजून उचलली होती आणि कितीतरी कॉम्प्युटर पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत बसले होते.

फाईल परत आणायची ती विंडोजकडूनच. मित्राच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं ८ जीबीचा पेनड्राईव्ह बनवा (नवा घ्या, तो झेरॉक्सवाला नको), त्यावरून बूट करा, इन्स्टॉल नाही दाबायचं, खाली कोपऱ्यात रिपेअर युअर कॉम्प्युटर असतं ते घ्या, मग ट्रबलशूट आणि कमांड प्रॉम्प्ट. इथेच बरेच जण फसतात, कारण तिथे तुमचा सी ड्राईव्ह कधीकधी डी दिसतो, म्हणून आधी डीआयआर कमांडनं (dir C: मग dir D: असं टाईप करून) विंडोजचं फोल्डर कुठे आहे ते बघा. डी असेल तर विंडोजच्या बिघडलेल्या फाईली दुरुस्त करणारी कमांड अशी: sfc /scannow /offbootdir=D:\ /offwindir=D:\Windows वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा आणि मधे बंद करू नका.

तरीही तीच निळी स्क्रीन आली तर bcdboot D:\Windows चालवा, ती विंडोज सुरू करायच्या फाईली पुन्हा बसवते. यानंतर उबुंटूचा मेनू गायब झाला असं वाटेल, पण उबुंटू जागेवरच असतं, बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये जाऊन उबुंटू वर आणलं की मेनू परत दिसतो. जुन्या, यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) नसलेल्या कॉम्प्युटरवर bootrec /fixmbr मारलं तर मात्र ग्रब, म्हणजे उबुंटूचा तो मेनू, खरंच पुसला जातो, तुमचं मशीन यूईएफआयवालं आहे, त्याला ती कमांड लागतच नाही.

विंडोज सुरू झालं की अँटिव्हायरसचं क्वारंटाईन उघडून काय काय पकडलं होतं ते वाचा, पण सिस्टम३२ या विंडोजच्या मुख्य फोल्डरमधली फाईल तिथून रीस्टोर करू नका, ती खरंच बाधलेली असू शकते आणि विंडोजनं स्वच्छ कॉपी आधीच बसवलेली आहे. तो जुना पेनड्राईव्ह उबुंटूतूनच फॉरमॅट करा, विंडोजला लावू नका.