रे ब्रायंटचा डावा हात

सप्रेम आशीर्वाद.

पेटीवरून पियानोकडे आलेल्या बहुतेकांचा डावा हात कच्चा असतो. तुझाही आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. पेटीवर तो हात भाता मारण्यात गुंतलेला; स्वर काढायचं काम वर्षानुवर्षं उजव्यानेच केलेलं. म्हणून ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलेला संगीतप्रकार, शिकायचा म्हणजे उजव्या हाताच्या तानांसारख्या जागा उतरवायच्या, असं समजू नकोस. काही महिने फक्त डावा हात ऐक. त्यासाठी रे ब्रायंट या जॅझ पियानोवादकाने एकट्याने वाजवलेली ध्वनिमुद्रणं घे.

ब्रायंट फिलाडेल्फियाचा, १९३१चा जन्म, २०११मध्ये गेला. डिझी गिलेस्पी, सनी रोलिन्स, कोलमन हॉकिन्स अशा मोठ्यांबरोबर तो वाजवायचा, पण जुना बूगी-वूगी (डाव्या हाताचा ठरलेला साचा फिरत ठेवणारी पियानोची शैली) आणि चर्चमधल्या गाण्याचा रंग त्याने कधी सोडला नाही. एकट्याने वाजवताना साथीला बेस नाही, ड्रम नाहीत, तरी कुठेही पोकळ वाटत नाही. ते दोन्ही वादक त्याच्या डाव्या हातात बसलेले असतात.

दोनच तबकड्या पुरेत. पहिली 'अलोन विथ द ब्लूज', डिसेंबर १९५८मधली, स्टुडिओतली. दुसरी 'अलोन ॲट माँत्रो', स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या १९७२च्या जॅझ महोत्सवातली. तिथे ऑस्कर पीटरसन या पियानोवादकाच्या जागी ऐन वेळी ब्रायंटला बोलावलं होतं. 'ब्लूज नंबर ३' आणि 'रॉकिंग चेअर' या रचना दोन्हीकडे आहेत. तोच माणूस, त्याच रचना, मध्ये चौदा वर्षं. एकाच गवयाचा एकच राग दोन मैफिलींत ऐकायला मिळावा, तसं हे आहे. शिकणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

ऐकताना फोनचा स्पीकर वापरू नकोस. मधल्या सा-च्या दोन सप्तकं खालचा सा, म्हणजे पांढरी एक (पाश्चात्त्य C), साधारण ६५ हर्ट्झचा असतो. एवढासा स्पीकर तो नीट वाजवूच शकत नाही. तुला मुख्यतः वरचे उपस्वर ऐकू येतात आणि खालचा स्वर ओळखताना चूक होऊ शकते. बरा हेडफोन घे.

पहिल्या वेळी पियानोला हात लावू नकोस. वही घे आणि चक्रं मोज. ब्लूजचं एक चक्र १२ बारचं, प्रत्येक बार ४ मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रा. पांढरी एकचा सा धरला तर पहिले ४ बार सा-ची कॉर्ड (म्हणजे सा-वर उभारलेले, एकत्र वाजणारे स्वर), पाचवा-सहावा मध्यमाची, सातवा-आठवा पुन्हा सा-ची, नववा पंचमाची, दहावा मध्यमाची, शेवटचे दोन सा-कडे परत. यात प्रत्येक कॉर्डवर कोमल सातवा स्वर असतो. ब्रायंट वाटेत कॉर्ड बदलतो, जास्तीच्या घालतो, पण पाचव्या बारला मध्यमावर येणं सहसा चुकवत नाही. तोच खुंटा धर. मोजणी बिघडली तर सुरुवातीला जाऊ नकोस, पुढचा मध्यम पकड. माँत्रोमध्ये 'ब्लूज नंबर ३'ला 'विलो वीप फॉर मी' जोडलंय. तिथे १२ बारचं चक्र संपून गाण्याची वेगळी बांधणी सुरू होते. ती जागा कुठली, ते नेमकं लिही.

मग डाव्या हाताला नाव दे. प्रत्येक चक्रापुढे लिही: दर मात्रेला एक स्वर चालतोय, बूगीचा ठरलेला साचा फिरतोय, की दशमं वाजतायत? दशम म्हणजे करंगळी सा-वर आणि अंगठा वरच्या सप्तकातल्या ग-वर. पियानोवर हे अंतर साधारण २१ सेंमी भरतं, अनेकांचा हात पोचत नाही. ओढून ताणू नकोस. मनगट आणि कोपर दोन्ही दुखावतात. खालचा स्वर मात्रेवर टाक, स्वर लांबवणारं पेडल पायाने दाब, अंगठा लगेच वर ने. पुढच्या स्वराला पेडल सोडून पुन्हा दाबायचं. ते सोडायचं राहिलं की दोन कॉर्डचा चिखल होतो. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर याचा सराव अर्धवटच होईल, खालची जागाच नसते.

आता ती उजव्या हाताची जागा, जी तुझ्या कानाला सर्वांत आधी ओळखीची वाटेल. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो. गळा तिथे मींड घेतो, पियानोला ती येत नाही. म्हणून वादक काळी दोनवरून तेच बोट पांढरी तीनवर घसरवतो, कोमल गंधार क्षणभर चिरडला जातो आणि शुद्ध वाजतो. बोट उचलायचं नाही, दोन वेगळी बोटंही वापरायची नाहीत. दोन बोटांनी वाजवलं की ती स्वच्छ मुरकी होते, ब्लूज नाही. हे जमतं कारण काळी पट्टी उंच आणि पांढरी खाली. सा काळी एकवर नेलास तर दोन्ही गंधार पांढऱ्या पट्ट्यांवर येतात आणि घसरण नाहीशी होते. त्यामुळे सुरुवात पांढरी एक, चार किंवा पाचमध्येच कर.

लय हळू करून ऐकायला हरकत नाही, पण ७० टक्क्यांच्या खाली जाऊ नकोस. प्रत्येक मात्रेचे तीन भाग धर, पहिले दोन जोडलेले, तिसरा सुटा. मध्यम लयीत स्विंगची, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीची, चाल साधारण तशी असते. लय वाढली की हे प्रमाण सपाट होत जातं. फार हळू केलेली प्रत ऐकून तुझी बोटं लंगडायला शिकतात आणि मूळ वेगात ते लंगडणं तसंच राहतं.

'रॉकिंग चेअर' शेवटी ठेव. ते होगी कारमायकलचं गाणं आहे, १२ बारचा ब्लूज नाही; पण ब्रायंट त्यात ब्लूजची भाषा कशी मिसळतो हे तोपर्यंत तुला ऐकू यायला लागलेलं असेल. १९५८ची प्रत आधी, १९७२ची दुसऱ्या दिवशी. एकाच बैठकीत दोन्ही ऐकल्या तर डावा हात एकमेकांत मिसळतो.

सगळं झाल्यावर १९५७ची त्याची त्रिकूटातली तबकडी लाव, बेसवर आइक आयझॅक्स आणि ड्रमवर स्पेक्स राइट. तिथे डावा हात काय काय सोडून देतो, त्याची यादी करून मला पाठव. त्याआधी 'ब्लूज नंबर ३'ची दोन्हीकडची चक्रं मोजलेली वही पाठव, खाडाखोडीसकट.