शेवटची रात्र इंदूरातच काढा

इंदूरहून सकाळी सातचं विमान आहे ना? मग ओंकारेश्वरला मुक्काम करून पहाटे निघायचा बेत सोडा. अंतर जेमतेम ८० किलोमीटर, पण वाटेतल्या भेरूघाटात एखादा ट्रक बंद पडला की संपलं. मी एकदा तिथे दीड तास अडकलो होतो. पुड्यातल्या पोह्यांचा पार गोळा झाला.

भाड्याची गाडी आदल्या दिवशी उजेडातच परत करा. अंधारात दिली की ओरखडे सकाळी ‘सापडतात’ आणि अनामत अडकते. माझी अडकली होती. पेट्रोलचा काटा, किलोमीटर, चारही बाजू, सगळ्यांचे फोटो त्या माणसासमोरच काढा. फास्टॅगचे पैसे कधी कापणार तेही विचारा.

खोली मात्र राजवाड्याजवळ घ्या. जवळचा सराफा बाजार खाऊगल्ली म्हणून रात्रीच जागा होतो, भुट्ट्याचा कीस चुकवू नका. पहाटेची टॅक्सी झोपण्याआधी ठरवून ठेवा.